यशवंतकाकांची स्वीडिश रेकॉर्ड

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी ऑफिसला जायला निघाले होते. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असताना नलिनीकाकूंचा फोन आला. "वैशाली, जरा येतेस का गं? हे उठत नाहीयेत." आवाज इतका साधा होता, की मला वाटलं काका रुसून पडून राहिलेत. त्यांचं घर आमच्या घरापासून चौथं. मी हातमोजे न काढताच आत गेले. काका कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली. काकू पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होत्या. "हाका मारल्या मी," त्या म्हणाल्या. "आधी नेहमीसारख्या मारल्या, मग मोठ्याने मारल्या…"  अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. काकांवर लिहू का, असं काकूंना विचारलं तेव्हा त्या चहा गाळत होत्या. "लिही," म्हणाल्या, "पण देवमाणूस वगैरे लिहू नकोस. त्यांना तीस-बत्तीस वर्षं एका गोष्टीची लाज वाटत होती, ते लिही. बाकीचं काय, सगळ्यांचं सारखंच असतं." म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना मलाही थोडं अवघडल्यासारखं होतंय, कारण माणूस गेल्यावर त्याची लाज चारचौघांत उघडी करायची का, हा प्रश्न आहेच. पण काकूंचा शब्द मोडणं मला आजवर जमलेलं नाही.

मी आणि निखिल नागपूरहून मिशिगनमधल्या नोव्हायला आलो ते दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. निखिलला इथल्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि ती वर्षभरात जाईल की राहील अशा टांगणीला लागली होती. त्या पहिल्या हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते. "तुमचं फावडं बघितलं काल," ते म्हणाले. "त्याने श्रीखंड वाढता येईल, बर्फ नाही निघणार." हे यशवंतकाका. बेअरिंगचे इंजिनियर, नुकतेच, मुदतीआधीच रिटायर झालेले. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचं कुठल्या बाजूचं चाक कुरकुरतंय हे ते सांगायचे आणि ओळख नसली तरी मालकाला गाठून तसं कळवायचे. कितीतरी अमेरिकन त्यांच्याकडे संशयाने बघत निघून जायचे.

रविवारी लायब्ररीच्या तळमजल्यावर मराठी शाळा भरायची, तिथे काका अक्षरं शिकवायचे. मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, काका मराठीत पुढे बोलत राहायचे, कोणीच हटायचं नाही. पण गणपतीत आरती सुरू झाली की काका हॉलमध्ये नसायचे. किचनमध्ये मोदकांचे ट्रे मोजत असायचे, नाहीतर पार्किंगमध्ये. कोणी ओढून आणलंच तर मान खाली घालून उभे राहायचे, टाळ्याही वाजवायचे नाहीत. मी एकदा काकूंना विचारलं होतं, काका नास्तिक आहेत का? "छे गं. लग्न ठरवताना यांच्या चुलत्यांनी सांगितलं होतं, मुलगा सुरेख गातो. मी आजतागायत एक ओळ ऐकलेली नाही. फसवलंच म्हणायचं मला."

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरमध्ये शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. "कोणीतरी गोरा माणूस आलाय, आणि हे विचित्रच वागतायत. ये जरा." हा माणूस म्हणजे ग्रेग. पन्नाशीचा, ॲन आर्बरजवळ पोस्टात नोकरी करणारा. त्याला एकच नाद होता. सत्तरच्या दशकात स्वीडनमधल्या पोरापोरींनी आपल्याच खर्चाने, दोन-तीनशे प्रती काढून, मित्रांना वाटलेल्या लोकसंगीत-रॉकच्या रेकॉर्ड्स गोळा करायच्या. कुठल्या कंपनीने न काढलेल्या, कुठल्या दुकानात न गेलेल्या. तो असं काही बोलत होता, जणू तिकडच्या जंगलात एखाद्या पक्ष्याची शेवटची जोडी उरली आहे आणि ती याने पाहिली आहे. काकूंच्या डायनिंग टेबलावर त्याने एक रेकॉर्ड ठेवली. ठेवण्याआधी टेबल आपल्या रुमालाने पुसलं. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, हाताने छापलेलं, हिरवी शाई कडेला पसरलेली. फोटोत पाच-सहा जण गवतात बसलेले, लांब केसांचे, आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून, दाढी वाढवलेला, कपाळावर टिळा लावलेला एक काटकुळा भारतीय मुलगा.

"सर, हे तुम्हीच ना?" ग्रेगने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "राँग पर्सन."

काकूंनी चष्मा चढवला, फोटो जवळ घेतला आणि मराठीत म्हणाल्या, "अहो, कान तुमचेच आहेत की."

काका उठले आणि गॅरेजमध्ये निघून गेले. गॅरेजचं दार वर सरकल्याचा आवाज आला. ग्रेग बिचारा लाल झाला. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत त्याने आम्हाला सांगितलं की ही रेकॉर्ड आता नव्याने निघणार आहे. बँडमध्ये गाणारी इंग्रिड अजून गोथेनबर्गजवळच राहते, तिनेच काकांचं पूर्ण नाव सांगितलं. सोबत एक पुस्तिका छापायची आहे आणि काकांनी गायलेल्या त्या भारतीय प्रार्थनेचे शब्द आणि अर्थ हवे आहेत, कारण ते फक्त काकांनाच ठाऊक आहेत. इंग्रिडला त्यांच्याशी बोलायचंही आहे, खूप वर्षांपासून. जाताना तो एक सीडी ठेवून गेला.

आम्ही दोघींनी ती स्वयंपाकघरातल्या लहानशा प्लेअरवर लावली. आधी फिडलचा एक लांबलचक सूर, मग गिटार, मग पाण्यावरून आल्यासारखा एका मुलीचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण काकूंनी हातातली भाजी खाली ठेवली. तिसऱ्या गाण्याला सगळी वाद्यं हळूहळू थांबली, एकटी पेटी एक सूर धरून राहिली आणि एक कोवळा, खरोखर सुरेख पुरुषी आवाज आला. अगदी संथ. "एकोणीस एके एकोणीस… एकोणीस दुणे अडतीस… एकोणीस त्रिक सत्तावन्न…"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसू फुटलं ते आवरेचना. काकू ओट्याला धरून हसत होत्या, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागे बँडमधल्या मुली भक्तिभावाने आलाप घेत होत्या आणि हे आपले "चोक शहात्तर." कितीतरी वेळाने लक्षात आलं, काका गॅरेजच्या दारात उभे होते.

"हसा," ते म्हणाले. "तिथे कोणी हसलं नव्हतं."

ते आत आले, प्लेअर बंद केला आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते काकूही पहिल्यांदाच ऐकत होत्या. काका पंचविशीत असताना गोथेनबर्गला एका कारखान्यात ट्रेनिंगला गेले होते. हॉस्टेलमध्ये एकटे, भाषा येत नाही, मासे-मांस खात नाहीत. कारखान्यातल्या लार्स नावाच्या मुलाने त्यांना शनिवारी गावाबाहेरच्या एका शेतघरी न्यायला सुरुवात केली. इंग्रिडच्या आईचं ते घर. ती बाई काकांसाठी वेगळ्या भांड्यात वाटाण्याचं सूप करायची आणि त्याला माशांचा वास लागू नये म्हणून ते आधी करायची, मासे नंतर. पोरं गोठ्यात वाद्यं वाजवायची. एकदा बोलण्याच्या ओघात काकांनी ठोकून दिलं, आमचं घराणंच गाण्याचं. खरं तर गणपतीत भजनाला पेटी वाजवण्यापलीकडे काही नव्हतं. रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, यशवंत, तुझी एखादी प्रार्थना हवी. काकांना संध्याकाळी दिव्यासमोर म्हणायचे श्लोक येत होते. "पण आजूबाजूला बिअरच्या बाटल्या, सिगारेटी… तिथे देवाचं नाव घ्यायला जीभ वळेना. श्लोकांनंतर घरी परवचा म्हणायचो ना आपण, पाढे? तोच लावला. म्हटलं, यांना काय कळतंय." ते थांबले. "'यांना काय कळतंय'… हेच नडलं मला."

"अहो, तरुणपणीची गंमत ती," काकू म्हणाल्या. "त्यात एवढं काय?"

"गंमत तिथेच संपली असती तर."

त्याच वर्षी इंग्रिडची आई आजारी पडली. पोटाचा कॅन्सर. अंथरुणात पडल्या पडल्या ती ही रेकॉर्ड लावायला सांगायची, त्यातही हेच गाणं. एके दिवशी काका भेटायला गेले तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, याचा अर्थ काय रे? मुलीने भाषांतर करून सांगितलं. काकांना तेव्हाही सांगता आलं असतं. पण बाईचा हात इतका हलका झाला होता… "मी म्हटलं, याचा अर्थ आहे, 'देवा, मी नसताना माझ्या माणसांना सांभाळ.' ते तिने मनात साठवलं. मग रोज आपल्या भाषेत तेच म्हणायची. ती गेली त्यानंतर चर्चमध्ये इंग्रिडने उठून हा अर्थ सगळ्यांना वाचून दाखवला आणि गाणं लावलं. मी पहिल्या बाकावर, घरच्यांमध्ये. सगळं चर्च रडत होतं आणि माझा आवाज एकोणीसचा पाढा म्हणत होता."

काका त्यानंतर थोड्याच महिन्यांत स्वीडन सोडून आले. मित्रांच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. पत्ता बदलला, देश बदलला. आणि त्या चर्चपासून देवापुढे तोंड उघडलं नाही. "कुठल्या तोंडाने उघडू?"

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, पण काकूंनी डोळ्यांनीच थांबवलं.

पुढचे दोन महिने त्या घरात एकच वाद होता. काकूंचं म्हणणं स्पष्ट होतं. "सांगू नका. ती बाई त्या शब्दांवर शांतपणे गेली. लेक इतकी वर्षं ते जपून बसलीय. तुमचं मन हलकं करायला तिच्या आईचं मरण कशाला मोडता? तोच अर्थ छापा म्हणावं." काका म्हणायचे, आता ही गोष्ट जगभर जाणार. कुठला तरी मराठी माणूस ऐकेल, तुम्ही हसलात तसा हसेल आणि तिला परक्याकडून कळेल. एका संध्याकाळी मी गेले तर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवत होते. काका मला म्हणाले, "ती म्हणते तेही खरंच आहे गं. सांगितलं तरी मी नीच, नाही सांगितलं तरी नीच. फक्त कुठला नीचपणा कमी, तेवढं ठरवायचंय."

नाताळच्या आधीच्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि स्पीकरवर फोन लावला. "तू बस इथे. नाहीतर मी हवापाण्याच्या गोष्टी करून ठेवून देईन." काकू सिंकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. इंग्रिडचा आवाज जाड झाला होता, पण काकांचं नाव तिने असं घेतलं, की त्यांनी डोळे मिटले. दोघं मोडक्यातोडक्या स्वीडिशमधून इंग्रजीत आले. तिने लार्स गेल्याचं सांगितलं. शेतघर विकल्याचं सांगितलं. मग काका एका दमात म्हणाले, "इंग्रिड, ती प्रार्थना नव्हती."

"मग काय होतं?"

"पाढा. शाळेतली पोरं म्हणतात तो. एकोणीसचा."

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "आणि आईला सांगितलेला अर्थ?"

"तो मी बनवला."

"त्या क्षणी?"

"त्या क्षणी."

ती मग म्हणाली, "मी तो चर्चमध्ये वाचला होता, यशवंत." आणि फोन ठेवून दिला. काका फोनवर हात ठेवून बसले. काकूंनी नळ सोडला आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्यानंतर काही आठवड्यांनी ग्रेगकडून कळलं, इंग्रिडने रेकॉर्डचं काम थांबवायला सांगितलंय. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. काकांनी मराठी शाळा सोडली. आम्हाला टाळायला लागले. फावडं घेऊन यायचे ते आम्ही उठायच्या आत येऊन जायचे. स्वच्छ ड्राइव्हवे दिसला की कळायचं, काका येऊन गेले. मला वाटायचं, काकूंचंच ऐकायला हवं होतं. काकू मात्र एकदाही "मी सांगत होते" असं म्हणाल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात ही एकच संधी त्यांनी सोडली असावी.

एप्रिलमध्ये इंग्रिडचा फोन आला तेव्हा काका डेंटिस्टकडे गेले होते. फोन काकूंनी घेतला. मी तिथे नव्हते, काकूंनी सांगितलं तेच लिहिते. इंग्रिड म्हणाली, "तीन-चार महिने मी चिडलेली होते. त्याच्यावर कमी, स्वतःवर जास्त. अनोळखी भाषेतलं काहीही मी प्रार्थना म्हणून लोकांना ऐकवलं. त्यांतले काही जण अजून भेटतात, मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटते."  काकूंनी आपल्या इंग्रजीत तिला आमच्याकडची संध्याकाळ सांगितली. दिवा लावायचा, मुलांनी हात जोडून बसायचं, श्लोक म्हणायचे आणि न उठता लगेच पाढे. आई पोळ्या लाटत असते, चुकलं की तिथूनच ओरडते. देव आणि गणित एकाच चटईवर. आणि मग म्हणाल्या, यांना हे त्यांच्या आईने शिकवलं. ती गेली तेव्हा हे तुमच्याकडेच होते. तिकिटाची सोय झाली नाही, जाता आलं नाही. तुमची रेकॉर्ड झाली त्याच्या जरा आधी.

इंग्रिडने विचारलं, "त्याने आम्हाला हे कधीच का नाही सांगितलं?"

"मलाही नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "दिरांकडून कळलं."

संध्याकाळी मी तिथे होते. काकूंनी सगळं सांगितलं, शेवटी म्हणाल्या, "बघा, म्हणजे तुमच्याही नकळत ती प्रार्थनाच होती की. आईसाठी." मला वाटलं, आता काका सुटले. त्यांनी हळूच ताट बाजूला केलं.

"नाही, नलू. तसं नव्हतं ते. त्या दिवशी मला आई आठवलीसुद्धा नव्हती. मी त्या भाबड्या लोकांची टिंगल केली आणि मनात हसत होतो. आईला मधे आणू नकोस. तेवढं तरी मी केलेलं नाही, ते राहू दे."

एवढी आयती पळवाट कोणी समोर धरावी आणि माणसाने ती नाकारावी… त्या दिवशी मला काकांकडे बघवेना. माझ्याकडे कोणी अशी पळवाट धरली असती तर मी क्षणभर थांबले नसते, एवढं मला ठाऊक आहे.

रेकॉर्ड शेवटी निघाली. ते गाणं काढून टाकू का, असं ग्रेगने विचारलं तेव्हा इंग्रिड म्हणाली, त्या दिवशी चर्चमध्ये जे वाजलं ते वाजलं, आता काढून काय उपयोग. फक्त नाव बदला. कव्हरवर आता 'प्रार्थना' नाही, स्वीडिशमध्ये 'एकोणीसचा पाढा' असं छापलेलं आहे. पुस्तिकेत काकांनी स्वतः चार ओळी लिहिल्या, काय म्हटलं होतं आणि काय सांगितलं होतं. क्षमा मागितलेली नाही. "क्षमा मागितली की तिला द्यावी लागते," म्हणाले. इंग्रिड आणि ते पुढे महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे. कशाबद्दल, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही. एकदा जाता जाता कानावर पडलं, काका तिला वाटाण्याच्या सुपात काय काय घालायचे ते विचारत होते.

यंदाच्या जानेवारीत रेकॉर्ड्सचं खोकं घरी आलं. काकांनी ते तळघरात नेऊन ठेवलं, फोडलं नाही. ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी ग्रेग एक जुना प्लेअर घेऊन आला, तळघरातच जोडून दिला आणि कोट न काढताच निघून गेला. त्या घरात काकांचा आवाज दुसरा कुठलाच नाही. व्हिडिओ काढताना कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा, आन्सरिंग मशीनवर काकू बोलतात.

काल संध्याकाळी गेले तर काकू दिवा लावून पोळ्या करत होत्या आणि खालून रेकॉर्डचा आवाज येत होता. पहिल्या दिवशी हसण्याच्या नादात आम्ही गाणं पुरतं ऐकलंच नव्हतं. काका पुढे चुकतात. "एकोणीस साती तेहतीसाशे", म्हणजे एकशे तेहतीस, ठीक म्हणतात, मग पेटीचा सूर लांबतो, ते जरा घुटमळतात आणि म्हणतात, "एकोणीस आठे बेचाळीसाशे…"

"बावन्नाशे," काकू म्हणाल्या. वळल्या नाहीत. तव्यावरची पोळी उलटली. खाली काका पुढे निघाले होते, "एकोणीस नव्वे एकाहत्तराशे," अगदी संथ, बरोबर.